रिकामं जहाज

१

बाबांची कोर्टात पेशी असली की आमच्या घरात सकाळपासून पाहुणे येणार असल्यासारखी गडबड असे. बाबा दाढी दोनदा करत. पांढरा शर्ट, त्यावर कंपनीच्या दिवसांतला निळा कोट आणि खाली, टेबलामागे दिसत नाही म्हणून, घरातलाच पायजमा. मी कॉलेजात रजा टाकून त्यांना लॅपटॉप जोडून देत असे. कोर्ट मुंबईत आणि आम्ही भोपाळला, साकेत नगरात. पण अशा सुनावण्या आता स्क्रीनवर होतात. आई गेल्यावर तिच्या शिवणकामाच्या खोलीचं बाबांनी ऑफिस केलं होतं. पाठीमागची भिंत मुद्दाम कोरी ठेवली होती. कॅलेंडर नाही, देवाचा फोटो नाही. आमच्या मुंबईच्या वकील शमिका मॅडम, त्यांनीच तसं सांगितलं होतं.

समुद्रापासून इतक्या लांबच्या गावात बसून माझे वडील एका बुडालेल्या जहाजासाठी भांडत होते. कुणा नव्या माणसाला हे सांगताना मला नेहमी जरा लाज वाटायची. बाबा, म्हणजे दत्तात्रय कस्तुरे, मूळचे ग्वाल्हेरचे. व्यापारी जहाजांवर चीफ इंजिनियर होते. निवृत्तीच्या आधीच त्यांनी नोकरी सोडली आणि सॅल्व्हेजचं काम सुरू केलं. बुडालेलं जहाज शोधायचं, त्यातला माल, यंत्रं, धातू वर काढायचा आणि कोर्टाकडून आपला हक्काचा वाटा मागायचा, असा तो धंदा. खाजगी माणसानं करावा असा नव्हेच. ‘मेघावती’ नावाचं एक मालवाहू जहाज कोकणच्या किनाऱ्यापुढे वादळात बुडालं, मालकाची कंपनी बंद पडली, आणि बाबांनी ते वर काढायचा करार केला. त्यानंतर विमा कंपनी आली, मग सरकारी खातं आलं, मग दुसरा एक ठेकेदार. प्रत्येकाचं म्हणणं एकच, की जहाज आमचं आहे किंवा तुमचं तरी नाही. शेवटी एक बाई आल्या, त्यांना स्टे मिळाला आणि काम थांबलं ते थांबलंच. न्यायमूर्ती बदलत गेले. बाबा बदलले नाहीत.

त्या दिवशी जानेवारीतलं छान ऊन पडलं होतं. मी नेहमीसारखी कॅमेऱ्याच्या बाहेर, डाव्या हाताला स्टूल घेऊन बसले होते. नव्या न्यायमूर्ती बाई होत्या, चष्मा लावणाऱ्या, हळू बोलणाऱ्या. शमिका मॅडम मुद्दे मांडत होत्या. मध्येच न्यायमूर्तींनी हात वर केला.

"मिस्टर कस्तुरे," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "तुमच्या मागे जे गृहस्थ उभे आहेत, त्यांना बाहेर जायला सांगा. घरून जोडले असलात तरी हे कोर्ट आहे. निदान कपडे घालून यायला तरी सांगा त्यांना."

मी मागे पाहिलं. भिंत होती. लॅपटॉपवरच्या आमच्या चौकोनात पाहिलं, तिथेही बाबा आणि भिंत. मी बाबांकडे वळले. ते आता मागे बघतील आणि म्हणतील, इथं कुणीच नाही, असं मला वाटलं.

बाबांनी मागे पाहिलं नाही.

"माफी असावी, मॅडम," ते म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "पुन्हा असं होणार नाही."

२

अर्ध्या तासात शमिका मॅडमचा मला फोन आला. त्या फार सांभाळून बोलत होत्या.

"संपदाताई, विचारू नये, पण घरात कुणी आजारी पुरुषमाणूस आहे का? म्हणजे, कपड्यांची शुद्ध नसलेलं? तसं असेल तर दाराला आतून कडी घालत जा. मला काही नाही. न्यायमूर्तींसमोर फार वाईट दिसलं."

"तुम्हीही पाहिलंत?"

"सगळ्यांनीच पाहिलं. मी लगेच नजर काढून घेतली."

मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. प्रतिमा कुठून येते आणि कशी फसवते, यावर मुलींना दरवर्षी सलग तासच्या तास शिकवते. त्यामुळे मी आधी कारण शोधलं. दुसऱ्या कुणाचा व्हिडिओ आमच्या चौकोनात मिसळला असेल. मागची भिंत आपोआप बदलणारं काहीतरी लॅपटॉपमध्ये सुरू राहिलं असेल. मी मॅडमना म्हटलं, तुम्ही जोडलेल्या राहा, आणि बाबांच्याच खुर्चीत बसून त्यांना व्हिडिओ कॉल केला.

"आता दिसतंय काही?"

"नाही. तुम्ही आणि भिंत."

"मग झालं. तांत्रिक घोटाळा."

"हो," मॅडम म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, "पण मग कस्तुरेसाहेबांनी माफी का मागितली?"

संध्याकाळी जेवताना मी तेच बाबांना विचारलं. ते पोळीचा तुकडा भाजीत फिरवत राहिले.

"जजसाहेबांशी वाद घालायचा नसतो. स्टे उठवायची वेळ आली आहे. त्या म्हणाल्या माणूस आहे, तर आहे. आपलं काय जातं?"

"तुम्ही मागे वळूनसुद्धा पाहिलं नाहीत."

"मान आखडली आहे," बाबा म्हणाले.

३

आमच्या गल्लीत पुरुषांच्या खोकण्याचं काही विशेष नाही. जवळच मोठं इस्पितळ आहे. दोन्ही बाजूंच्या घरांनी खोल्या काढून पेशंटच्या नातेवाइकांना भाड्यानं दिल्या आहेत. दिवसभर कुणी ना कुणी गच्चीत टॉवेल झटकत असतो, नळावर चूळ भरत असतो, घसा साफ करत असतो. भिंतीही पातळ.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही त्या दुपारी मी ऑफिसच्या दाराशी थांबले.

बाबा भाजी आणायला बाहेर पडले होते. मला चार्जर हवा होता, तो आतल्या टेबलावर होता. दार लोटलेलं होतं. मी हात पुढे केला आणि आतून कुणीतरी खाकरलं.

मोठ्यानं नाही. खोकलाही नव्हे. आमच्या ग्वाल्हेरच्या घरी आजोबा, काका स्वयंपाकघराकडे येताना असं खाकरत, बायकांनी पदर सारखा करावा म्हणून. आणि न्हाणीघरात टॉवेल विसरलेला माणूस बाहेर पावलं वाजली की असंच खाकरतो. येऊ नका, मी नीट नाही, असा त्याचा अर्थ.

मी थांबले ते भीतीनं नाही. सवयीनं. हात मागे घेतला, मान वळवली आणि तशीच पॅसेजमध्ये भिंतीला लागून उभी राहिले. माझा चेहरा गरम झाला होता. आपल्याच घरात, भर दुपारी, आपण कुणाची लाज राखतोय, हे माझ्या डोक्यात नंतर आलं. तेव्हाही मी दार ढकललं नाही. शेजारचाच आवाज आहे, मी स्वतःला सांगितलं. शेजारचाच आहे तर मग आत जा, असंही सांगितलं. पाय हलले नाहीत.

बाबा पिशवी घेऊन आले तेव्हा मी तिथेच होते.

"इथं काय करते आहेस?"

"चार्जर हवा होता."

"मग आत का नाही गेलीस?"

बाबांनी पिशवी खाली ठेवली, दार जेमतेम अंग जाईल एवढं उघडून आत गेले, चार्जर आणला आणि माझ्या हातात दिला. मग त्यांनी दार पुन्हा लावून घेतलं. ते लावताना त्यांनी हळूच दाराची मूठ फिरवली, आवाज होऊ नये म्हणून. झोपलेल्या माणसाच्या खोलीचं दार लावतात तसं.

४

पुढच्या सुनावणीला शोभा तांडेल येणार होत्या. स्टे घेतलेल्या त्या याच. आजवर त्यांचं नाव मी फक्त कागदावर पाहिलं होतं, आणि बाबांच्या तोंडून "ती बाई" एवढंच.

मेघावती बुडालं तेव्हा खलाशी तराफ्यांवर उतरले आणि वाचले. एकटा हरेश्वर तांडेल नावाचा इंजिनरूममधला कामगार सापडला नाही. मालकांनी सांगितलं की त्यानं समुद्रात उडी मारली. शोभाबाईंचं म्हणणं होतं की तो वर आलाच नाही, तो आतच आहे. आधी त्याला काढा, मग तुमचं लोखंड काढा, नाहीतर जहाज आहे तिथंच राहू द्या. बाबांनी त्यावर शपथपत्र दिलं होतं, ते असं: स्टे लागण्याआधीच्या पाहणीत आमच्या डायव्हरनं संपूर्ण जहाज तपासलं असून आत कुणाचेही अवशेष नाहीत. सगळा खटला त्या एका वाक्यावर उभा होता.

शोभाबाई त्यांच्या वकिलाच्या ऑफिसात बसल्या होत्या. साठीच्या आसपासच्या, केसांत पांढरं, खांद्यावरून नीट घेतलेला पदर. न्यायमूर्तींनी त्यांना मराठीत बोलायला परवानगी दिली.

"मला भरपाई नको," त्या म्हणाल्या. "मी तसं लिहून दिलंय. मला फक्त…"

आणि त्या थांबल्या.

त्या स्क्रीनकडे बघत होत्या. आधी डोळे बारीक करून. मग पुढे वाकून. मग त्यांनी एकदम नजर खाली टाकली आणि पदर ओढून कपाळापर्यंत घेतला.

"बोला," न्यायमूर्ती फायलीतून वर न बघता म्हणाल्या.

शोभाबाई पदराआडून बोलल्या. आवाज इतका हलका होता की मला लॅपटॉपचा आवाज वाढवावा लागला.

"त्यांना आधी काहीतरी पांघरायला द्या."

"कुणाला?"

त्यांनी पदर आणखी पुढे ओढला. त्यांच्या वकिलानं खांद्याला हात लावून दोनदा विचारलं, मग अशिलाची तब्येत बरी नाही, असं सांगून पुढची तारीख मागितली. ती मिळाली.

मी या वेळी मागे भिंतीकडे पाहिलं नाही. मी बाबांकडे पाहत होते. ते ताठ बसले होते, हात टेबलावर, नजर कॅमेऱ्यात. मानेच्या मागच्या बाजूला, कॉलरच्या वर, त्यांच्या अंगावर काटा आलेला मला स्पष्ट दिसत होता.

५

मी त्यांना गच्चीवर घेऊन गेले. त्या खोलीच्या जवळ मला ते बोलायचं नव्हतं. बाबाही आढेवेढे न घेता आले. खाली रस्त्याच्या कडेला इस्पितळातले लोक उन्हात बसून डबे खात होते.

"तो कोण आहे?" मी विचारलं.

बाबांनी कठड्यावर हात ठेवला.

"गौरांग आठवतो तुला?"

आठवत होता. बाबांचा डायव्हर. एकदा दिवाळीत घरी आला होता, खूप हसणारा मुलगा. मग एकाएकी काम सोडून निघून गेला.

"तो इंजिनरूमच्या दारापर्यंत पोचला होता," बाबा म्हणाले. "दार ढकललं, टॉर्च मारला आणि बाहेर आला. वर आल्यावर ओकला. म्हणाला, शिडीच्या मागे माणूस आहे. अंगावर धागा नाही. पाण्यानं काढून नेलं असेल, किंवा गरमीमुळे आधीच चड्डीवर असतील ते लोक, इंजिनरूममध्ये असतात. काय माहीत."

"आणि तुम्ही शपथेवर लिहून दिलंत की कुणी नाही."

"लिहिलं असतं की आहे, तर ते जहाज कायमचं बंद झालं असतं, संपदा. कबर म्हणून. कुणाला हात लावू दिला नसता. मग इतकी वर्षं मी काय केलं? तुझी आई इथं एकटी दिवस काढत होती आणि मी तिकडे बोटीवर, ते कशासाठी?"

"म्हणून त्याला तिथंच ठेवलंत."

"मी त्याला वर काढणारच होतो. सगळं काम झाल्यावर, शेवटी. मानानं. मनाशी ठरवलं होतं." त्यांनी कठड्यावरचा हात उचलला आणि पुन्हा ठेवला. "गौरांग चादर मागत होता."

"कसली चादर?"

"खाली न्यायला. म्हणाला, साहेब, निदान झाकून तरी येतो. मी म्हटलं, चादर नेलीस तर वरचे लोक विचारतील, कुणासाठी नेली. तू काही पाहिलं नाहीस." बाबा खाली रस्त्याकडे बघत होते. "मग तो दुसऱ्या दिवशी आलाच नाही."

मी त्यांच्या बाजूला उभी होते आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. लहानपणी याच माणसाचा हात धरून मी जहाजाच्या शिडीवर चढले होते. खालच्या लोकांपैकी कुणी वर पाहिलं असतं, तर उन्हात उभे असलेले बापलेक दिसले असते, बस.

"तुम्हाला तो दिसतो?"

"नाही. मी बघतच नाही. पण खोली भरलेली वाटते." मग ते म्हणाले, "पुढच्या तारखेला सांगतो मी. जजसाहेब विचारतीलच. सांगून टाकतो."

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

६

त्या सुनावणीच्या सकाळी मी बाबांना लॅपटॉप जोडून दिला आणि म्हटलं, मी आज आत बसत नाही. त्यांनी मान हलवली. मी स्वयंपाकघरात गेले, ओट्याशी उभी राहिले आणि फोनवरून तीच लिंक उघडली. आमचा चौकोन आजवर मी फक्त आमच्या बाजूनं पाहिला होता. इतरांना तो कसा दिसतो, हे मला बघायचं होतं. म्हणजे, काही दिसत नाही, याची खात्री करायची होती.

एकेक चौकोन उघडत गेला. न्यायमूर्ती. शमिका मॅडम. शोभाबाई, आज त्यांनी सुरुवातीपासूनच मान खाली घातली होती. मग बाबा.

बाबांच्या मागे एक माणूस पाठमोरा उभा होता.

चित्र लहान होतं, अंगठ्याएवढं. तरी सगळं कळत होतं. उघडी पाठ, उघडे पाय. रंग फार दिवस पाण्यात राहिलेल्या साबणासारखा. तो भिंतीकडे तोंड करून, दोन्ही हात पुढे धरून उभा होता, आणि भिंत एवढी मोकळी असूनही अंग चोरून एका कडेला झाला होता. तो काहीही करत नव्हता. त्याच्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं, खरं सांगायचं तर. जागा मिळेल तिथं तोंड लपवून उभा असलेला माणूस, इतकंच. माझी नजर आपोआप खाली गेली, शोभाबाईंची गेली होती तशी, आणि पुन्हा वर करायला मला जोर लावावा लागला.

"मिस्टर कस्तुरे," न्यायमूर्ती फायलीवरून नजर न उचलता म्हणाल्या, "तुमचं शपथपत्र जुनं आहे. मी तुम्हाला आज शपथेवर पुन्हा विचारते. त्या जहाजात कुणी आहे का?"

पॅसेजपलीकडून बाबांचा श्वास मला खरा ऐकू येत होता आणि फोनमधून क्षणभर उशिरा पुन्हा ऐकू येत होता.

"नाही," बाबा म्हणाले. "कुणी नाही. जहाज रिकामं आहे."

मागच्या माणसानं मान खाली घातली.

माझा अंगठा माईकच्या खुणेवर होता. दाबला असता की सगळ्यांनी माझा आवाज ऐकला असता. मी काय बोलणार होते, तेही मला माहीत होतं. त्याच वेळी मला शपथभंग, पोलिस, कॉलेजची स्टाफरूम, वर्तमानपत्रातलं आडनाव, सगळं ओळीनं दिसत होतं. न्यायमूर्ती पुढचं काहीतरी वाचू लागल्या. माझा अंगठा तिथेच राहिला. मग स्क्रीन काळी झाली.

७

स्टे उठला. फक्त एक अट होती. काही उचलण्याआधी सरकारी अधिकाऱ्यासमोर इंजिनरूमचं चित्रण करायचं.

बाबांनी नवी टीम लावली. एवढ्या वर्षांनी जिंकलेला माणूस जसा दिसायला हवा तसे ते दिसत नव्हते. घरातही कोट घालून बसू लागले. गळ्यापर्यंत बटणं लावलेली, मांडीवर शाल. मोलकरीण झाडायला आली की पाय खुर्चीवर ओढून घेत. मी पाणी द्यायला समोर गेले, तरी शाल सारखी करत. पहाटे फिरायला जाणं त्यांनी बंद केलं. "लोक बघतात," एवढंच म्हणाले.

चित्रणाच्या दिवशी दुपारी बोटीवरून फोन आला. बाबांनी तो स्पीकरवर ठेवला. वाऱ्याचा आवाज येत होता.

"सर, झालं. इंजिनरूम क्लिअर आहे."

"क्लिअर म्हणजे?"

"म्हणजे काही नाही, सर. गाळ आहे, पाइप आहेत."

"शिडीच्या मागे पाहिलंत?"

"पाहिलं."

"नीट पाहिलंत? हाड, कवटी, काहीतरी असेल."

पलीकडचा माणूस जरा गोंधळला. "सर, तुम्हीच लिहून दिलंय ना, काही नाही म्हणून. तसंच आहे. ऑफिसरनी सही केली. अभिनंदन, सर."

थोड्या वेळानं शमिका मॅडमचाही फोन आला. शपथपत्र खरं ठरलं, आता कुणीही अडवू शकत नाही, असं त्या म्हणाल्या. बाबांनी फोन माझ्या हातात दिला. ते ऑफिसच्या बंद दाराकडे बघत होते.

मी पुन्हा कारणं शोधली. इतक्या वर्षांत प्रवाहानं नेलं असेल. माशांनी, खेकड्यांनी. गाळात दबलं असेल. प्रत्येक कारण चांगलं होतं आणि एकही माझ्या उपयोगाचं नव्हतं. जहाज आता खरोखरच रिकामं होतं.

शोभाबाईंनी माझा नंबर कुठून मिळवला, ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं.

"तिथं नाहीत म्हणतात ते," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग तुमच्याकडेच आहेत. मी येऊ का?"

"या," मी म्हणाले.

८

मी त्यांना स्टेशनवरून रिक्षानं घेऊन आले. सोबत कुणी नव्हतं. एक कापडी पिशवी होती, ती त्यांनी सगळ्या रस्ताभर मांडीवर धरली होती. वाटेत तलाव लागतो का, एवढं एकच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, या बाजूला नाही.

घरी त्यांनी चहा घेतला नाही. बाबा आतून आले आणि हात जोडून उभे राहिले. त्यांच्या अंगावर कोट होता, वर शाल होती. काही बोलायचा प्रयत्न करत होते. शोभाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. रागानं नव्हे. उघड्या माणसाकडे बघत नाहीत, तसं.

"कुठली खोली?" त्यांनी मला विचारलं.

मी दाखवली. बाहेर लख्ख ऊन होतं, समोरच्या गच्चीत कुणीतरी कपडे वाळत घालत होतं. शोभाबाई दाराशी गेल्या. आतून कुणीतरी खाकरलं.

त्या हसल्या. अगदी थोडं, ओठांच्या कोपऱ्यात. मग दाराला तोंड लावून हलकेच म्हणाल्या, "अहो, मी आहे." आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

बाबा आणि मी बाहेरच्या खोलीत बसलो. पिशवीतून काही काढल्याचा आवाज आला. नवं कापड झटकल्याचा. मग त्यांचं बोलणं, शब्द न कळणारं, घरातल्या घरात असतं तसं. हात वर करा, इकडून घाला, असलं काहीतरी असावं. बाबांचे डोळे भरून आले होते. झालं, मला वाटलं. निदान हे तरी झालं.

मग आतलं बोलणं थांबलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले आणि दाराशी गेले, तेवढ्यात ते हातभर उघडलं. शोभाबाई फटीत उभ्या होत्या, पाठीनं आतलं सगळं झाकून. पिशवी रिकामी होऊन त्यांच्या हातात लोंबत होती. चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं.

"घालून दिले," त्या म्हणाल्या. "आता बरे आहेत ते."

"मग?"

"तुमच्या घरात आणखी कपडे आहेत का? पुरुषांचे. जुने असले तरी चालतील."

मला कळलं नाही. "कुणासाठी?"

"मी एकाचेच आणले होते," शोभाबाई म्हणाल्या.

मी वळून बाबांकडे पाहिलं. ते नाही, नाही अशी मान हलवत होते. मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. गौरांगनं टॉर्च एकदाच मारला होता, असं काहीसं ते हातांआड पुटपुटत होते. जहाजावर नोंद न करता चढवलेली माणसं असतात, नोंद नसलेल्यांना कुणी शोधत नाही, असंही ते म्हणत होते.

मी बाबांच्या कपाटाशी गेले आणि ते उघडलं. इस्त्रीचे शर्ट एकावर एक रचलेले होते.

"किती काढू?" मी तिथूनच विचारलं.

शोभाबाईंनी एकदा मागे, खोलीत पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली. आतल्यांना ऐकू जाऊन आणखी लाज वाटू नये म्हणून त्या अगदी हळू बोलल्या.

"असतील तेवढे द्या."